अंगणात आलेली शाळा

सागवानासाठी देशभर नाव असलेल्या आलापल्लीत गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागातले रस्ते एकत्र येतात. एक अहेरीला जातो, एक सिरोंचाकडे, एक एटापल्लीला, तर एक हेमलकशावरून भामरागडकडे जंगलात शिरतो. यापैकी कोणत्याही रस्त्याने निघाले तरी गावोगावी आणि टोल्याटोल्यांवर एक शब्द हमखास भेटतो : अंगणवाडी. माडिया बोलणाऱ्या आईला तो ठाऊक आहे, तेलुगू बोलणाऱ्या आजीला ठाऊक आहे आणि मराठीत अर्ज लिहिणाऱ्या ग्रामसेवकालाही. दिल्लीच्या शासननिर्णयांत आणि न्यायालयांच्या इंग्रजी निकालपत्रांतही तो जसाच्या तसा वापरला जातो. हा शब्द आणि त्यामागची कल्पना जन्माला आली ती मात्र महाराष्ट्राच्या अगदी दुसऱ्या टोकाला, अरबी समुद्राकाठच्या बोर्डी या गावात. ती रुजवणाऱ्या ताराबाई मोडक यांचे नाव शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांपुरते उरले असून अंगणवाडीत मूल सोडून कामाला जाणाऱ्या बहुतेकांच्या ते कानावरूनही गेलेले नाही.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा. वडील सदाशिवराव केळकर हे मुंबईच्या प्रार्थना समाजातील कार्यकर्ते. आई उमाबाई या विधवा होत्या आणि सदाशिवरावांनी त्यांच्याशी पुनर्विवाह केला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशा घरात वाढणे म्हणजे काय, याची कल्पना आज येणे कठीण. नातेवाइकांनी तोडलेले, पंगतीतून उठवलेले, पण पुस्तकांनी आणि चर्चांनी भरलेले असे ते जग होते. मुलींनी शिकावे की नाही हा प्रश्न या घरात नव्हता. वडिलांचे छत्र लवकर हरपले, तरी ताराबाई शिकत राहिल्या आणि १९१४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळी पदवीधर मराठी स्त्रिया फारच थोड्या होत्या.

विवाहानंतर त्या विदर्भात आल्या. पती कृ. वि. मोडक अमरावतीत वकिली करीत. वऱ्हाडातील हे वास्तव्य त्यांना सुखाचे झाले नाही. संसार मोडला आणि १९२१ च्या सुमारास, लहानग्या मुलीला घेऊन, त्या बाहेर पडल्या. नवऱ्यापासून वेगळे होऊन स्वतंत्रपणे राहणारी सुशिक्षित स्त्री ही त्या वेळच्या समाजाला न पेलणारी गोष्ट होती. विधवेला सहानुभूती तरी मिळे, तेवढीही ताराबाईंच्या वाट्याला येण्यासारखी नव्हती. चरित्रकार हा भाग दोन ओळींत उरकतात. परंतु पुढे लहान मुलांच्या दुःखाकडे त्यांनी ज्या नजरेने पाहिले, तिचे मूळ या एकट्या प्रवासात असावे असे मानायला जागा आहे.

राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजात त्यांना प्राचार्यपद मिळाले. त्या पदावरील त्या पहिल्या भारतीय महिला मानल्या जातात. पगार चांगला होता, मान होता, राहण्याची सोय होती. दुसऱ्या कोणी तेथेच निवृत्त होण्याचा विचार केला असता. ताराबाईंना मात्र स्वतःच्या मुलीला वाढवताना पडणारे प्रश्न स्वस्थ बसू देत नव्हते. शिक्षिका घडवण्याच्या त्या महाविद्यालयात शाळेत येण्यापूर्वीच्या मुलाविषयी काही शिकवले जात नव्हते. तीन-चार वर्षांचे मूल म्हणजे अजून शाळेत न बसवता येणारी अडचण, एवढीच त्याची व्याख्या होती.

याच सुमारास भावनगरमध्ये गिजुभाई बधेका हा वेगळ्याच धाटणीचा वकील मुलांत रमला होता. आपल्या मुलाच्या शिक्षणाची चिंता करताना त्यांच्या हाती इटलीच्या मारिया माँटेसरी यांचे विचार लागले. वकिली सोडून ते दक्षिणामूर्ती संस्थेत गेले आणि १९२० मध्ये त्यांनी तेथे बालमंदिर सुरू केले. भरघोस मिशांचे गिजुभाई मुलांना गोष्टी सांगत, नाटके करीत, त्यांच्याबरोबर मातीत बसत. लोक त्यांना मिशाळ आई म्हणत. राजकोटची नोकरी सोडून ताराबाई १९२३ मध्ये भावनगरला दाखल झाल्या. प्राचार्यपदावरून बालमंदिराच्या सतरंजीवर येणे ही व्यवहाराच्या भाषेत पायउतारच होती.

भावनगरची वर्षे ही त्यांची खरी उमेदवारी. छडी नाही, पाठांतराची सक्ती नाही, बक्षीस नाही आणि शिक्षाही नाही, अशी शाळा चालू शकते हे त्यांनी तेथे रोज पाहिले. मूल स्वतःच्या गतीने वस्तू हाताळते, चुकते, पुन्हा करते आणि त्यातच शिकते, हे माँटेसरीबाईंचे सूत्र गिजुभाईंनी काठियावाडच्या मातीत रुजवले होते. तेथे लोककथा आल्या, गरबा आला, अंगणातली झाडलोट आली. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. त्याच्या कामाची मोठी धुरा ताराबाईंनी वाहिली. संघाची ‘शिक्षणपत्रिका’ आधी गुजरातीत आणि पुढे मराठीतही निघू लागली. मुलाला मारू नका, घाबरवू नका, त्याच्या प्रश्नाला उत्तर द्या, इतक्या साध्या गोष्टी आईबापांना पटवून देण्यासाठी एक नियतकालिक चालवावे लागत होते, यावरून तो काळ लक्षात यावा.

१९३६ मध्ये ताराबाई मुंबईला परतल्या. दादरला शिशुविहार उभे राहिले, शिक्षिकांच्या प्रशिक्षणासाठी अध्यापन मंदिर सुरू झाले. मराठी मध्यमवर्गाने या प्रयोगाचे स्वागत केले. दादर-माटुंग्याच्या घरांतील मुले रंगीत ठोकळे आणि मणी घेऊन बसू लागली. गाणी, गोष्टी, बडबडगीते यांना शिक्षणात मानाचे स्थान मिळाले. आज शहरांतील प्रत्येक बालवर्गात दिसणारे बरेच काही त्या वास्तूत मराठीत प्रथम घडले.

येथे थांबल्या असत्या तर ताराबाई शहरी बालशिक्षणाच्या जनक म्हणून ओळखल्या गेल्या असत्या. त्यांना थांबू न देणारा प्रश्न पैशांचा होता. माँटेसरी पद्धतीची साधने सुबक, लाकडी आणि महाग. प्रत्येक वस्तूचे माप ठरलेले, ती वापरण्याची रीत ठरलेली, शिकवणारीचे प्रशिक्षणही ठरलेले. स्वतः माँटेसरीबाई १९३९ मध्ये भारतात आल्या आणि युद्धामुळे अनेक वर्षे येथेच राहिल्या. पद्धतीच्या शुद्धतेबाबत त्यांचा आग्रह कडक होता. गांधीजींनी १९३१ मध्येच लंडनला, माँटेसरी प्रशिक्षण संस्थेतील भाषणात, हे शिक्षण खेड्यातील गरिबाच्या पोरापर्यंत कसे पोहोचणार याकडे लक्ष वेधले होते. त्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर दादर सोडणे भाग होते. ताराबाईंनी ते वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी सोडले.

१९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. आचार्य भिसे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांमुळे त्या परिसरात शिक्षणाचे वातावरण होते. त्याच वर्षी डहाणू-उंबरगावच्या पट्ट्यात गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली उठले होते. जमीनदार आणि जंगल ठेकेदार यांच्या वेठबिगारीविरुद्धचा तो लढा होता. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जोडपीच्या जोडपी सावकाराची गुलाम होत. त्यांना लग्नगडी म्हणत. अशा मुलखात ताराबाई रंगीत मणी घेऊन आल्या, हे तेव्हा अनेकांना विसंगत वाटले असेल. पोट उपाशी असताना गाणी कसली, हा आक्षेप गैरलागू नव्हता. ताराबाईंचा मार्ग लढ्याचा नव्हता आणि तो लढ्याची जागाही घेऊ शकत नव्हता. पण वेठीतून सुटलेल्या माणसाचे मूल पुढे काय करणार, हा प्रश्न लढ्यानंतरही उरणारच होता.

बोर्डीतच त्यांना अनुताई वाघ मिळाल्या. बालपणी विवाह, तेराव्या वर्षी वैधव्य, मग शिक्षण आणि शिक्षिकेची नोकरी असा अनुताईंचा प्रवास. त्या काही काळासाठी आल्या आणि आयुष्यभर राहिल्या. ताराबाईंकडे दृष्टी आणि अधिकार होता, तर अनुताईंकडे अपार कष्टाळूपणा. एकीने नवी कल्पना मांडावी, दुसरीने पहाटे उठून ती करून पाहावी, अशी ही जोडी होती. पुढच्या पिढीला अनुताईच अधिक परिचित झाल्या. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या त्यांच्या आत्मकथनातून बहुतेक मराठी वाचकांना ताराबाई भेटतात, तीही गुरू म्हणून.

बोर्डीत बालवाडी सुरू झाली, तेव्हा गावातली मुले आली. दलित वस्तीतली आली नाहीत. गावाच्या मुलांबरोबर आपली बसतील, यावर त्या वस्तीचा विश्वास नव्हता आणि तसा विश्वास वाटण्यासारखे गावाने काही केलेही नव्हते. शाळेची दारे उघडी ठेवून चालत नाही हे ताराबाईंच्या येथे ध्यानात आले. मग साहित्याची टोपली उचलून शिक्षिकाच वस्तीत गेली. कोणाच्या तरी झोपडीपुढचे अंगण झाडले, सारवले, मुले गोळा केली आणि तेथेच गाणी सुरू झाली. आया कामे करता करता दारातून पाहत होत्या. बालवाडी अंगणात भरली म्हणून ती अंगणवाडी. शब्द इतका सहज सापडला आहे की तो कोणी घडवला असेल हे सुचतही नाही.

या एका कृतीत ताराबाईंच्या कामाचे सारे वेगळेपण आहे. तोवरचे शिक्षण मूल शाळेपर्यंत येण्याची वाट पाहत असे. न येणारे मूल आळशी, त्याचे आईबाप अडाणी असा निष्कर्ष तयार असे. ताराबाईंनी चालत जाण्याची जबाबदारी शाळेवर टाकली. अंगणात शाळा भरल्याने दुसरेही काही साधले. आईला आपले मूल शिकताना दिसू लागले आणि शिक्षिकेला मूल ज्या घरातून येते ते घर दिसू लागले.

साधनांचे कोडेही तेथेच सुटले. समुद्रकाठचे शिंपले, ओढ्यातले गोटे, चिंचोके, गुंजा, निरनिराळ्या झाडांची पाने आणि बिया यांनी मोजायचे, निवडायचे, रांगेत लावायचे. लहान-मोठे, जड-हलके, गुळगुळीत-खरखरीत हे भेद शिकायला इटलीहून ठोकळे मागवण्याची गरज नाही हे सिद्ध झाले. शुद्धतावाद्यांना हे रुचणे शक्य नव्हते. ताराबाईंनी त्याची फिकीर केली नाही.

पुढे १९५६-५७ च्या सुमारास केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. आता काम थेट वारली पाड्यांत होते आणि अडचणीही नव्या होत्या. पाड्यावरची सहा-सात वर्षांची मुलगी शाळेत येत नसे, कारण कडेवर धाकटे भावंड असे. तिचा भाऊ येत नसे, कारण तो गुरे घेऊन रानात गेलेला असे. सरकारी हजेरीपटावर ही दोन्ही मुले केवळ गैरहजर होती. ताराबाई आणि अनुताईंनी त्यांच्या गैरहजेरीचे कारण हाच अभ्यासक्रमाचा आधार धरला. धाकट्यासाठी पाळणाघर, मधल्यासाठी बालवाडी आणि मोठ्यांसाठी प्राथमिक शाळा, हे सारे एकाच आवारात आणले. मोठ्या बहिणीने भावंड पाळण्यात ठेवावे, वर्गात बसावे, मधूनच जाऊन पाहून यावे. या व्यवस्थेला विकासवाडी असे नाव मिळाले. गुराख्यांसाठी शिक्षक कुरणात गेला. गुरे चरत असताना झाडाखाली भरणारी ती कुरणशाळा. झाडांची, पाखरांची, गुरांची मुलांना असलेली माहिती हाच तेथील पहिला धडा.

या कामातील सुधारकी सूर आज काहींना खटकेल. मुलांना आंघोळ घालणे, नखे कापणे, केस विंचरणे यांवर केंद्रात मोठा भर असे. स्वच्छतेच्या या धड्यांमागे शहरी पांढरपेशा संस्कारांचा वास आहे, वारल्यांच्या जगण्यात पाणीच दूरवरून आणावे लागे हे विसरता येत नाही. ही टीका करताना एवढे मात्र लक्षात घ्यावे लागेल की ज्या मुलांना स्पर्श करायलाही इतर शिक्षक तयार नव्हते, त्यांना मांडीवर घेऊन न्हाऊ घालणाऱ्या या दोन ब्राह्मण स्त्रिया होत्या. वारली गाणी, नाच आणि गोष्टी यांना त्यांनी शाळेबाहेर ठेवले नाही.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. तोवर त्यांनी मराठी आणि गुजरातीत विपुल लेखन केले होते. वय सत्तरीला टेकले होते, प्रकृती साथ देत नव्हती.

याच दशकाच्या अखेरीस, पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, लहान मुलांच्या शिक्षणाचा एक निराळा प्रयोग सुरू होत होता. अमेरिकेत फ्रेड रॉजर्स यांचा संथ, मृदू कार्यक्रम १९६८ मध्ये देशभर दिसू लागला आणि नोव्हेंबर १९६९ मध्ये ‘सेसमी स्ट्रीट’ अवतरले. ‘सेसमी स्ट्रीट’च्या निर्मात्या जोन गँझ कूनी यांचा युक्तिवाद बोर्डीच्या अंगणात ओळखीचा वाटला असता. गरीब घरातले मूल पहिलीत येण्याआधीच मागे पडलेले असते, बालवर्गाची फी त्याच्या आईबापांना परवडत नाही, पण दूरचित्रवाणी संच मात्र घरात आहे, तेव्हा बालवर्गच संचातून घरी पाठवावा. ताराबाईंनी टोपलीतून जे नेले ते त्यांनी पडद्यावरून नेले. भारतात ‘गल्ली गल्ली सिम सिम’ या नावाने तो कार्यक्रम आला तो २००६ मध्ये.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा ताराबाईंच्या आयुष्याचे जेमतेम अकरा महिने उरले होते. सौम्य आवाजात, मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर येऊन, एका वेळी एकच गोष्ट सांगणारे हे कार्यक्रम त्यांना पटले असते असे म्हणता येईल. गिजुभाईंची गोष्ट सांगण्याची रीत याहून वेगळी नव्हती. मात्र पडद्याला मुलाचे नाव ठाऊक नसते, आणि मुलाने प्रश्न विचारला तर तो थांबत नाही. अंगणातली बाई थांबते. आज मोबाइल हातात देऊन मुलाला गप्प करण्याची सोय घरोघरी झालेली असताना हा फरक किरकोळ नाही.

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाईंचे निधन झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बाबा आमटे यांनी आलापल्लीच्या पलीकडे हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. माडिया मुलांसाठीची शाळा त्यानंतर तीन वर्षांनी उभी राहिली. त्याआधी २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांतून एकात्मिक बालविकास सेवा योजना आणली आणि तिच्या गावपातळीवरील केंद्राला अंगणवाडी हे नाव दिले. अनुताईंनी कोसबाडचे काम १९९२ मध्ये, मृत्यूपर्यंत, चालू ठेवले.

सरकारने नाव घेतले, पण त्याबरोबर आशयही आला असे म्हणणे धाडसाचे ठरेल. योजनेत सहा सेवा आहेत : पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण. कुपोषणाच्या महाराष्ट्रात पहिल्या सेवांचे मोल कोणी नाकारणार नाही. गडचिरोली, मेळघाट, जव्हार येथे त्या जीव वाचवतात. तरीही ताराबाईंच्या अंगणवाडीत जे सर्वांत आधी होते, ते या यादीत सर्वांत शेवटी आले. वजनाच्या नोंदी, आहाराचे हिशेब आणि सर्वेक्षणाची कामे आटोपून सेविकेकडे गोष्टीसाठी किती वेळ उरतो, हे कोणत्याही अंगणवाडीच्या दारात तासभर उभे राहिले तरी कळते. तिला मिळते ते वेतन नव्हे, मानधन. सरकारी कागदावर ती मानसेवी. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला तो एप्रिल २०२२ मध्ये, योजना सुरू झाल्यानंतर ४६ वर्षांहून अधिक काळाने. शिक्षिकेच्या प्रशिक्षणासाठी अध्यापन मंदिर काढणाऱ्या ताराबाईंना बालशिक्षण हे कधीच सवडीने करायचे काम वाटले नव्हते.

आलापल्लीच्या परिसरात चैत्रात पहाटेच मोहफुले वेचायला माणसे बाहेर पडतात, पुढे तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. मोठी भावंडे धाकट्यांना सांभाळतात, काही गुरांमागे जातात. पाळणाघर आणि कुरणशाळेची गरज ज्या कारणांनी कोसबाडला निर्माण झाली, ती कारणे येथे अजून आहेत. त्यात भाषेची भर आहे. घरी माडिया किंवा तेलुगू ऐकणारे तीन वर्षांचे मूल अंगणवाडीत येते तेव्हा त्याच्यापुढचा तक्ता मराठीत असतो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते सहा वयाला शिक्षणाचा पाया मानले आणि घरच्या भाषेचा आग्रह धरला. याच जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मोहगाव येथे ग्रामसभांनी २०१९ मध्ये स्वतःच गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली होती. २०२२ मध्ये शिक्षण विभागाने ती अनधिकृत ठरवून बंद करण्याची नोटीस दिली आणि ग्रामसभा न्यायालयात गेल्या.